उग्निस, अगोन्य आणि अग्नि: तारा लावलेल्या शब्दावर भरवसा किती ठेवायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी बरोबर समजले की नाही ते कळेल. तुम्ही रशियात डॉक्टरकी शिकताय. वसतिगृहाच्या बोळात भिंतीवर जे लाल नळकांडं टांगलंय, त्यावरचा शब्द तिथली मुलं ‘अग्न्येतुशीत्येल’ असा वाचतात. म्हणजे सरळसरळ अग्निशामक! खोलीत एक लिथुआनियन मुलगा आहे. तो आगीला ‘उग्निस’ म्हणतो आणि बंबवाल्याला ‘उग्निआगेसीस’. तुम्ही हौसेने व्युत्पत्तिकोश उघडलात, तर तिथे ‘अग्नि’ मूळ म्हणून नाहीच. आहे ते ‘*उंग्निस’, आणि त्याच्या डोक्यावर तारा, म्हणजे हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, अनुमानाने बांधलाय, अशी खूण. मग तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. हा शब्द संस्कृतातून तिकडे गेला का? तारा लावलेला शब्द कोणी कधी पाहिला? आणि आपली ‘आग’ स्त्रीलिंगी, त्यांची ‘उग्निस’ही स्त्रीलिंगी, हा नात्याचा पुरावा मानायचा का?

तौलनिक भाषाशास्त्र शिकवायला लागून मला वीसच्या वर वर्षं झाली आणि जवळजवळ दरवर्षी हा शब्द वर्गात येतोच. तुमच्या प्रश्नांची उत्तरं नाही, कोणीच नाही, आणि नाही अशी आहेत. पण एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही, व्हायलाही नको. तुमची खरी अडचण वेगळी आहे. कोणी न पाहिलेल्या शब्दाला कोश इतक्या ठामपणे का छापतो आणि ‘अग्नि’सारखा ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत पहिला म्हणून येणारा शब्द बाजूला का ठेवतो, ही ती अडचण.

सुरुवात कानापासून करू, कारण पहिली फसगत तिथेच होते. रशियन लोक आगीला ‘अगोन्य’ म्हणतात आणि ‘आगीचा’ म्हणायला ‘अग्न्या’. मराठी कानाला यात अग्नीच ऐकू येतो. पण लिहिताना ते या शब्दाच्या सुरुवातीला ‘ओ’ लिहितात. रशियनमध्ये आघात नसलेला ‘ओ’ उच्चारात ‘अ’कडे झुकतो. ही सवय मध्ययुगात रुळलेली आहे, मूळची नाही. पोलिशमध्ये ‘ओग्येन्य’, चेकमध्ये ‘ओहेन्य’, नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या कामातून लेखी रूप मिळालेल्या जुन्या स्लाव्हिकमध्ये ‘ओग्नि’, सगळीकडे ‘ओ’. युक्रेनियन तर पुढे एक ‘व’ लावून ‘वोहोन्य’ म्हणतात. तेव्हा त्या लाल नळकांड्यावर जो ‘अ’ तुम्हाला ऐकू आला, त्याचा ‘अग्नि’तल्या ‘अ’शी काही संबंध नाही. नवखी असताना मी स्वतः हीच चूक भर वर्गात केली होती. पोलिश येत असलेल्या एका विद्यार्थिनीने तिथल्या तिथे माझी दुरुस्ती केली. तेव्हापासून मी एका भाषेवरून कधी बोलत नाही, शेजारच्या चार बहिणींना विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

आता ‘अगोन्य’मधला दुसरा स्वर. तोही मागून आलाय. ‘माणूस’ला प्रत्यय लावला की आपण ‘माणसाला’ म्हणतो, मधला ‘ऊ’ गळतो. तसंच इथे ‘अगोन्य’चं ‘अग्न्या’ होताना मधला ‘ओ’ गळतो. कारण तो मुळात नव्हताच. शब्दाच्या शेवटी एक अगदी आखूड इकार होता, तो गेल्यावर ‘ग्न्’ असं अवघड जोडाक्षर शेवटी उरलं. जिभेला टेकू हवा म्हणून मध्ये स्वर घातला गेला. लाटवियनमध्ये हेच स्वतंत्रपणे झालं. तिथे आग म्हणजे ‘उगुन्स’, आणि त्यातला दुसरा ‘उ’ असाच भरतीचा. म्हणून शब्द तपासताना मी विद्यार्थ्यांना सांगते की प्रथमेवर भाळू नका, सामान्यरूप बघा. मराठी बोलणाऱ्याला हे सांगायला फार वेळ लागत नाही, ही आपली एक चैन आहे.

भरतीचं सगळं काढून टाकल्यावर टेबलावर उरतं ते असं: बाल्टिककडून (लिथुआनियन, लाटवियन यांच्या घराण्याकडून) ‘उग्निस’, स्लाव्हिककडून (रशियन, पोलिश वगैरेंच्या घराण्याकडून) ‘ओग्निस’, संस्कृत ‘अग्निस्’ (विसर्ग हा जुना स्), लॅटिन ‘इग्निस’. मागचा भाग चौघांत तंतोतंत सारखा. विभक्तीही जुळतात. ‘अग्निमीळे’ मधलं ‘अग्निम्’ आणि लिथुआनियन द्वितीया ‘उग्नी’ शेजारी ठेवा. लिथुआनियन लिपीत त्या शेवटच्या स्वराखाली एक शेपटी काढतात. उच्चारातून गेलेल्या अनुनासिकाची ती खूण आहे. तृतीयेच्या अनेकवचनात ‘अग्निभिः’ला ‘उग्निमिस’. तेव्हा नातं आहेच, या सगळ्या एकाच जुन्या मूळ भाषेच्या लेकी आहेत, त्यावर कोणी वाद घालत नाही. गोंधळ आहे तो फक्त पहिल्या स्वराचा: उ, ओ, अ, इ. चार भाषा, चार स्वर.

आणि याच गोंधळात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. शब्द जर संस्कृतातून उसना गेला असता, तर लिथुआनियन लोकांना ‘अ’ म्हणायला काय अडचण होती? त्यांच्याकडे ‘अ’ आहे. ‘आग्निस’ म्हटलं असतं की झालं. उसना शब्द ऐकला तसा घेतला जातो. आपण ‘टेबल’चं ‘टुबल’ केलं नाही. ‘उ’ येतो, याचा अर्थ हा शब्द त्यांच्या घरात फार आधीपासून आहे आणि त्यांच्याच घरच्या नियमांनी बदललाय. लोकांना वाटतं, जितकं जास्त साम्य तितका पुरावा भक्कम. माझा अनुभव उलटा आहे. जिथे शब्द जुळत नाहीत, पण न जुळण्याला शिस्त आहे, तिथे मला खात्री वाटते.

ती शिस्त दाखवायला थोडा वळसा घेते, कारण या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे. बाल्टिक आणि स्लाव्हिक भाषांनी महाप्राण व्यंजनं सोडून दिली. ‘ध’ आणि ‘द’ मिळून एकच ‘द’ उरला, ‘घ’ आणि ‘ग’ मिळून एकच ‘ग’. मग मूळचा ‘ध’ कोणता आणि ‘द’ कोणता, हे कायमचं पुसलं गेलं असं वाटेल. वेर्नर विंटर या जर्मन अभ्यासकाने 1978 मध्ये दाखवून दिलं की पुसलं गेलेलं नाही, ते मागच्या स्वरात लपलंय. मूळ व्यंजन अल्पप्राण असेल (द, ग), तर त्याच्या आधीचा स्वर या भाषांत दीर्घ झाला. महाप्राण असेल (ध, घ), तर ऱ्हस्वच राहिला.

उदाहरण घ्या. संस्कृत ‘उद्र’ म्हणजे पाणमांजर. हिंदीतल्या ऊदबिलावात तो अजून आहे. संस्कृतात ऱ्हस्व ‘उ’, लिथुआनियनमध्ये ‘ऊद्रा’, दीर्घ. रशियनमध्ये ‘वीद्रा’, आणि त्यातला स्वर हा स्लाव्हिकमध्ये जुन्या दीर्घ ‘ऊ’चाच उतारा आहे. याउलट ‘मधु’ पाहा: लिथुआनियन ‘मेदुस’, स्लाव्हिक ‘मेद’, ‘ए’ आखूड. ‘सद्’ म्हणजे बसणे, त्याचा लिथुआनियन जोडीदार ‘सेदेती’, यात पहिला ‘ए’ लांब. देवनागरीत ‘ए’ची लांबी दाखवता येत नाही, पण तिकडे लिहिताना वर टिंब देऊन दाखवतात. तुमच्या लिथुआनियन मित्राला ‘मेदुस’ आणि ‘सेदेती’ एकापाठोपाठ म्हणायला सांगा. फरक कानाला कळेल. त्या मुलाला ‘ध’ म्हणता येणार नाही, पण ‘मध’ म्हणताना त्याचा स्वर आखूड राहतो तो त्या हरवलेल्या ‘ध’मुळे. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी अर्धा तास दुसरं काही वाचू शकले नव्हते.

आता हाच नियम घेऊन आगीकडे या. ‘अग्नि’त ‘ग’ आहे, ‘घ’ नाही. म्हणजे नियमाप्रमाणे लिथुआनियनमध्ये ‘ऊग्निस’ हवं होतं. आहे ‘उग्निस’, ऱ्हस्व. सगळ्यात ओळखीचा वाटणारा शब्दच नियम मोडतो!

अशा वेळी दोन रस्ते असतात. नियम चुकीचा म्हणून फेकायचा, किंवा याच शब्दात असं वेगळं काय आहे ते शोधायचं. नियम मोडणारे शब्द मोजकेच आहेत आणि त्यांत आगीबरोबर कोण बसलंय पाहा: पाणी. स्लाव्हिक ‘वोदा’. संस्कृत ‘उदन्’मध्येही ‘द’ आहे, ‘ध’ नाही, तरी ‘वोदा’चा स्वर आखूडच. लिथुआनियनमध्ये पाणी म्हणजे ‘वान्दुओ’, षष्ठीत ‘वान्देन्स’. त्यातला ‘न’ बघा. संस्कृतातही भिजवणे या अर्थाचा धातू ‘उन्द्’ आहे. म्हणजे पाण्याच्या शब्दात ‘द’च्या मागेही ‘न’ आणि पुढेही ‘न’. लायडनच्या फ्रेडरिक कॉर्टलँड यांचं म्हणणं असं की ‘न्द्न’, ‘ङ्ग्न’ अशा दोन्हीकडून अनुनासिकाने घेरलेल्या व्यंजनासमूहात विंटरचा नियम लागू झाला नाही. मग आगीच्या शब्दातही पूर्वी आणखी एक अनुनासिक असलं पाहिजे: ‘उंग्निस’. तुमच्या कोशातला तारा इथून आला. पुढे जवळजवळ आलेल्या दोन अनुनासिकांपैकी पहिलं गळलं. बाल्टिकमध्ये ‘उ’ तसाच राहिला. स्लाव्हिकमध्ये अनुनासिकापूर्वीचा ‘उ’ आधीच खाली उतरून ‘ओ’ झाला होता, मग अनुनासिक गेलं आणि ‘ओ’ मागे राहिला.

तुम्ही म्हणाल, अडचण आली की खिशातून एक ‘न’ काढायचा, हे बरं आहे! हरकत रास्त आहे. म्हणून त्या अनुनासिकाला बाहेरून साक्षीदार आहे का ते पाहू. लॅटिनमध्ये अनुनासिकयुक्त कंठ्य व्यंजनाआधीचा ‘ए’ ‘इ’ होतो, तेव्हा ‘इग्निस’ हा ‘एंग्निस’पासून सहज निघतो. (फक्त ‘एग्निस’पासूनही निघतो, म्हणून हा साक्षीदार अर्धाच.) संस्कृतात तर अनुनासिक ‘अ’मध्ये विरघळून जाणं नेहमीचंच आहे. शंभरासाठी लिथुआनियन ‘शिम्तास’, लॅटिन ‘केन्तुम’, संस्कृत ‘शत’: मधलं अनुनासिक संस्कृतात नाहीसं होऊन नुसता ‘अ’ उरला. दहासाठी लिथुआनियन ‘देशिम्त’, संस्कृत ‘दश’. मग ‘अग्नि’चा ‘अ’ही तसाच असू शकतो. म्हणजे हे अनुनासिक संस्कृताने गिळलंय, आणि म्हणूनच ‘अग्नि’ला मूळ मानून चालत नाही.

तिसरा साक्षीदार कोळसा. लिथुआनियन ‘आंग्लिस’, पोलिश ‘व्हेंग्येल’, रशियन ‘ऊगल’, संस्कृत ‘अङ्गार’. बरेच अभ्यासक कोळशाचा हा शब्द आणि आगीचा शब्द एकाच धातूचे मानतात, आणि यात अनुनासिक उघड दिसतं. इथे मराठी माणसाला एक मोह होतो. आपल्याकडे निखाऱ्याला ‘इंगळ’ म्हणतात. ‘अंगार’मध्ये ‘र’, पण ‘इंगळ’मध्ये ‘ळ’, आणि बाल्टिक-स्लाव्हिकमध्येही ‘ल’! मग मराठीने संस्कृताहून जुनं रूप जपलं का? एका हुशार विद्यार्थ्याने यावर आठ पानांचा निबंध लिहून आणला होता. पण प्राकृतात ‘इंगाल’ आहे, आणि ‘र’चा ‘ल’ होणं प्राकृतांत इतकं सर्रास आहे की या ‘ळ’वर मूळचा म्हणून विसंबता येत नाही. मूळ शब्दात ‘ल’ असेलही, पण ते सांगायचा अधिकार ‘आंग्लिस’ला आहे, ‘इंगळ’ला नाही. निबंधाला गुण चांगले दिले, निष्कर्ष खोडला.

इथवरचा हिशेब थांबून पाहू. शब्द वारशाचा आहे, उसना नाही: याबद्दल मला शंका नाही. मूळ शब्दाचा शेवट ‘-ग्निस’: यातही नाही. पहिल्या अक्षरात अनुनासिक होतं: मला पटतं, कारण त्या एका गृहीताने उ, ओ, अ, इ हे चारही स्वर आणि विंटरच्या नियमाचा अपवाद असं सगळं एकदम सुटतं. पण हे सर्वमान्य नाही. काही जण मुळातच शब्दाची वेगवेगळ्या स्वरांची रूपं होती असं मानतात आणि बाल्टिकने एक, स्लाव्हिकने दुसरं उचललं म्हणतात. तुम्ही विंटरचा नियम किती कडक मानता, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. नियम सैल धरला तर त्या ‘न’ची तितकी गरजच उरत नाही. तेव्हा एकाच तारांकित शब्दात काही अक्षरं दगडाची असतात आणि काही मातीची. कोश दोन्ही एकाच ठशात छापतो, हा कोशाचा दोष.

तारा म्हणजे ‘लिहिलेलं सापडलेलं नाही’, एवढंच. न्यायदर्शनातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं ‘पर्वतो वह्निमान्, धूमात्’ आठवा: डोंगरावर आग कोणी पाहिली नाही, धूर पाहिला. (गंमत म्हणजे धुराचा शब्द मात्र एकदम सरळ आहे. संस्कृत ‘धूम’, लिथुआनियन ‘दूमाय’, रशियन ‘दीम’, कुठेही खळखळ नाही.) अनुमान चुकू शकतं, पण तपासताही येतं. असं एक अनुमान खरं ठरल्याचं उदाहरण आगीच्याच शब्दात आहे, म्हणून सांगते.

जुन्या काळी आगीला दोन शब्द होते. एक हा ‘अग्नि’चा, ज्यात आग ही जिवंत, कर्ती, देवता होऊ शकणारी. दुसरा नपुंसकलिंगी, नुसता जळणारा पदार्थ. इंग्रजी ‘फायर’ आणि ग्रीक ‘प्यूर’ या दुसऱ्या घराण्यातले. फ्रेंच अभ्यासक आंत्वान मेये यांनी ही जोडी आणि पाण्याची तशीच जोडी दाखवून दिली. प्रशियन ही लिथुआनियनची सख्खी बहीण अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मेली. तिचा 1400 च्या सुमाराचा 802 शब्दांचा जर्मन-प्रशियन शब्दसंग्रह हाताशी आहे, आणि त्यात आगीला ‘उग्निस’ नाही, ‘पान्नो’ आहे. हा दुसऱ्या घराण्यातला शब्द. इतक्या जवळच्या भाषेत वेगळा शब्द कसा, असं वाटलं तर आपल्या शेजारी बघा: मराठीत आग, गोव्यात कोंकणीत उजो.

आता मुद्दा. फर्दिनां द सोस्यूर या एकवीस वर्षांच्या मुलाने 1879 मध्ये नुसत्या स्वरांच्या हिशेबावरून मांडलं की मूळ भाषेत काही ध्वनी होते, जे तेव्हा माहीत असलेल्या सगळ्या भाषांतून नाहीसे झाले. बहुतेकांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. 1915 मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी यांनी तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची हित्ती ही याच कुळातली प्राचीन भाषा उलगडली, आणि 1927 मध्ये येझी कुरिवोविच यांच्या लक्षात आलं की सोस्यूरने जिथे ध्वनी असावा म्हटलं होतं, तिथे हित्तीमध्ये खरोखर ‘ह’सारखा ध्वनी लिहिलेला आहे. आगीचा हित्ती शब्द ‘पह्हुर’. ‘प्यूर’ आणि ‘पान्नो’चा भाऊ, आणि तो गळालेला ध्वनी तोंडात घेऊन आलेला. म्हणून मी ताऱ्याला हसत नाही.

जाता जाता एक: लिथुआनियन ‘प्राचीन’ आहे असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, बहुधा ‘देवाने दात दिले, देवच भाकरी देईल’ या त्यांच्या म्हणीसकट. म्हण खरी आहे (दात ‘दान्तिस’, देव ‘द्येवास’), आणि आपल्या ‘चोच दिली तो चाराही देईल’ची आठवण करून देते. पण लिथुआनियनमधलं पहिलं छापील पुस्तक 1547 चं आहे, मार्तिनास माझ्विदास यांनी क्यॉनिग्सबर्गला छापलेली ख्रिस्ती धर्मशिक्षणाची पुस्तिका. भाषेतली काही रूपं जुनी राहिली आहेत, लेखन मात्र तुकारामांच्या जन्माच्या जेमतेम दोनतीन पिढ्या आधीचं. ऋग्वेदाशी त्याची तुलना करताना मधली तीन हजार वर्षं विसरू नका.

राहिला लिंगाचा प्रश्न. संस्कृत ‘अग्नि’ पुल्लिंगी, लॅटिन ‘इग्निस’ पुल्लिंगी, स्लाव्हिकही पुल्लिंगी. तुमचे रशियन मित्र आगीला ‘तो’ म्हणतात. म्हणजे मूळ पुल्लिंगच. ‘उग्निस’ आणि ‘उगुन्स’ स्त्रीलिंगी झाले ते बाल्टिकमध्ये, कारण तिथे या इकारान्त वर्गात स्त्रीलिंगी शब्दांचा भरणा झाला. आपल्याकडे ‘अग्नि’चं ‘अग्गि’ झालं, ‘सत्त’चं ‘सात’ झालं त्याच चालीने ‘अग्गि’ची ‘आग’ झाली, आणि शेवटचा इकार गळालेले असे शब्द मराठीत बरेचदा स्त्रीलिंगात गेले. दोन्हीकडे कारणं आपापली. खुद्द मराठीतच पाहा ना: आग ‘ती’ लागते, आणि होमातला अग्नी ‘तो’ प्रज्वलित होतो, कारण हा दुसरा शब्द पोथीतून थेट उचललेला आहे, लिंगासकट.